‘उत्तम निगा राखलेली’ अल्फा घ्यावी का? आधी फाइल वाचा, मग उंबरा ठोका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तिथंच कळेल. तुम्ही स्टुटगार्टजवळ राहता. इटलीत बेर्गामोच्या बाहेर एका गृहस्थाकडं १९७२ ची अल्फा रोमिओ २००० जीटीव्ही विकायला आहे. लाल, दोन वर्षांपूर्वी नव्यानं रंगवलेली, ६८ हजार किलोमीटर, सोबत बिलांची जाड फाइल, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘उत्तम निगा राखलेली’. तुम्ही विचारता, सांगितलेली किंमत योग्य आहे का, आणि सुट्टीत आल्प्स ओलांडून लांब न्यायला ही गाडी भरवशाची आहे का. जाता जाता असंही लिहिलंय की लहानपणी नाशिकला वडिलांची फियाट होती आणि तिच्या सीटचा वास अजून नाकात आहे.

ते शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण मी तिथूनच सुरू करतो, कारण मीही फियाटवरच शिकलो. कुर्ल्यात फियाट बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना होता आणि आसपासच्या गल्ल्यांत त्या गाड्यांची गॅरेजं. त्यातल्या एका गॅरेजात सतराव्या वर्षी पाने पुसायला लागलो. १०८९ सीसीचं साधं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि दोन-चार पावसाळे झाले की पायाखालचा पत्रा जाणार हे ठरलेलं. पुढं इंग्लंडला आलो. गेली एकतीस वर्षं मिडलँड्समध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे आणि निम्मं काम जुन्या अल्फांचं असतं. त्या अनुभवावरून सांगतो: वासासाठी गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण स्वतःशी तसं कबूल करून घ्या. नाहीतर बघायला जाल, दार उघडाल, वास येईल, आणि मग बाकी काही दिसणारच नाही. अशी गिऱ्हाइकं मी पाहिलीत. एका मराठी डॉक्टरांनी तर माझ्यासमोर सीटवर बसल्या बसल्या, बॉनेट न उघडताच, हो म्हणून टाकलं होतं.

आता किंमत. तुम्ही आकडा दिलाय, तो मी इथं पुन्हा लिहीत नाही, कारण त्याबद्दल आज कुणालाच हो किंवा नाही म्हणता येणार नाही. या मॉडेलची नुसती दिसायला चांगली गाडी आणि खरोखर चांगली गाडी यांच्या किमतीत फार फरक नसतो. फरक पडतो तो घेतल्यानंतरच्या दोन वर्षांत. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा: निगा राखली म्हणजे नेमकी कशाची राखली? इंजिनाची की पत्र्याची? या गाडीत ही दोन अगदी वेगळी खाती आहेत आणि जाहिरातवाले दोन्ही एकाच वाक्यात बसवतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांतलं जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं, उघडून करता येतं, आणि खर्च किती येईल हे काम सुरू करायच्या आधी सांगता येतं. पत्र्याचं तसं नाही. तिथं कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर थांबता येत नाही.

हे असं का, ते समजायला गाडीची थोडी कुंडली लागेल. या घराण्यातली पहिली, जुलिया स्प्रिंट जीटी, १९६३ च्या सप्टेंबरात आरेझेच्या नव्या कारखान्यात दाखवली गेली. आकार बेर्तोनेकडं काम करणाऱ्या जॉर्जेत्तो जुजारोचा. तो काढला तेव्हा त्यानं पंचविशीही ओलांडलेली नव्हती. पुढं १७५० जीटीव्ही आली आणि १९७१ मध्ये तुम्ही बघताय ती २००० जीटीव्ही. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो: चौघांनी नाही तरी दोघांनी, सामान घेऊन, एका दिवसात देश ओलांडावा अशी गाडी. १९६२ सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, १३० च्या आसपास अश्वशक्ती, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. आणि वजन जेमतेम टनाच्या थोडं वर. हे वजन कमी राहिलं ते पातळ पत्र्याच्या, वेगळी चासी नसलेल्या सांगाड्यामुळं. म्हणजे गाडीची ताकद आहे ती फरशी, दाराखालच्या पेट्या आणि पुढची-मागची कप्पेवजा जोडणी यांत. हे कप्पे आतून बंद. त्या काळी आतून गंजरोधक मेण मारण्याची फारशी पद्धत नव्हती. पाणी शिरायला वाट होती, निघायच्या वाटा चिखलानं बुजायच्या. ते कप्पे गंजले नसते तरच नवल.

‘पण ही तर इटलीतली गाडी, तिकडं ऊन असतं’ असं तुम्ही लिहिलंय. अहो, बेर्गामो आल्प्सच्या पायथ्याशी आहे. तिकडं हिवाळ्यात धुकं असतं, बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात. इटालियन ऊन हा विकणाऱ्यांचा लाडका शब्द आहे. दक्षिणेतल्या गाड्या त्या मानानं बऱ्या, पण त्यातली एखादी समुद्रकाठी उभी राहिलेली असली तर तिचंही आपल्या अलिबाग-रत्नागिरीच्या गाड्यांसारखंच होतं.

तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे नवा रंग. तुम्ही ती जमेच्या बाजूला लिहिलीत. मी उलट बाजूला लिहीन, निदान पुरावा मिळेपर्यंत. जुन्या गाडीला रंग दोन कारणांनी देतात. एक म्हणजे पत्र्याचं काम झालं आणि त्याचा शेवट म्हणून रंग. दुसरं म्हणजे विकायची आहे म्हणून रंग. बाहेरून दोन्ही सारखेच चमकतात. पहिल्या प्रकारात उघडलेल्या, कापलेल्या, वेल्डिंग झालेल्या गाडीचे फोटो हमखास असतात, कारण ज्यानं एवढे पैसे घातले तो माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही. दोन वर्षांपूर्वीचं काम म्हणजे मोबाइलच्याच काळातलं. फोटो नाहीत असं उत्तर आलं तर मी पत्र्याचं काम झालेलं नाही असंच धरून चालतो.

आता फाइल. बहुतेक लोक फाइलची जाडी बघतात. मी आधी ती तारखेप्रमाणं लावतो आणि मग काय नाही ते शोधतो. हे काम घरी बसून करता येतं, तेव्हा विकणाऱ्याला सगळ्या बिलांचे फोटो पाठवायला सांगा. इटालियन येत नसलं तरी चार शब्द पुरतात. ‘तालियांदो’ म्हणजे नेहमीची सर्व्हिस. ‘वेर्निचातूरा’ म्हणजे रंगकाम. ‘लामिएरा’ म्हणजे पत्रा आणि ‘साल्दातूरा’ म्हणजे वेल्डिंग. फाइलमध्ये पहिले दोन भरपूर असतील आणि शेवटचे दोन कुठंच नसतील, तर पन्नास वर्षांच्या गाडीला पत्र्याचं काम कधी लागलंच नाही असा दावा झाला. तो खरा असू शकतो. मी तशी गाडी एकतीस वर्षांत दोनदा पाहिली.

बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात ते एका कागदावर उतरवून घ्या. ६८ हजार हा आकडा मीटर दाखवतो म्हणून मानू नका, बिलांच्या साखळीतून निघत असेल तरच माना. त्याहून महत्त्वाचं, मधली वर्षं रिकामी आहेत का बघा. समजा १९९१ नंतर एकदम २००९ चं बिल आहे. म्हणजे मधली अठरा वर्षं ती कुठंतरी उभी होती. उभी राहणं हे निगा राखणं नव्हे, कितीही मऊ चादर घातलेली असो. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज धरतो, ब्रेकचे पिस्टन चिकटतात, रबर वाळतं, तेलाचे सील कोरडे पडतात. गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालवली जात असेल तर ती माझ्या लेखी लाडानं झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा कधीही चांगली.

यावरून एक जुनी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी एक जीटीव्ही बघायला गेलो होतो. कुठं ते नको, विकणाराही बिचारा सज्जन होता, त्यालाही कुणीतरी फसवलेलं होतं. फाइल एवढी जाड की दोन हातांनी धरावी लागे. इंजिन पुन्हा बांधलेलं, गिअरबॉक्स उतरवून केलेला, कार्ब्युरेटर चकचकीत. इंजिनाच्या कप्प्यात जेवायला बसावं अशी स्वच्छता. मी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराखालून फिरवलं. डाव्या बाजूला पुढच्या चाकामागं ते चिकटलंच नाही. वीतभर सरकवलं, पुन्हा नाही. पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली होती, ती इतकी सफाईनं की हात फिरवून कळलं नसतं. मग जॅक लावायच्या जागी जॅक लावून हळूच उचललं. गाडी वर यायच्या आधी खालचा भाग आत जायला लागला, आणि उघडलेलं दार परत बसेना. सांगाडा मधून वाकत होता. इंजिनाला एवढे पैसे घालणाऱ्या माणसानं उंबऱ्याकडं पाहिलंच नव्हतं, कारण इंजिन बॉनेट उघडलं की दिसतं आणि उंबरा दिसत नाही.

उंबरा म्हणजे दाराखालची ती लांब पेटी, सगळे सिल म्हणतात. या गाडीत ती एका पत्र्याची नाही. बाहेरचा पत्रा, मधला पत्रा आणि आतला पत्रा अशी तीन थरांची आहे, आणि सगळी ताकद त्या तिघांच्या एकत्र असण्यात आहे. स्वस्तातलं काम करणारे बाहेरचा सडका पत्रा न काढता वरून नवीन झाकण वेल्ड करतात. दिसायला नवं, आत मधला थर भुसा झालेला. व्यवस्थित काम म्हणजे बाहेरचा कापायचा, मधला बघायचा, बहुधा तोही बदलायचा, आणि हे करताना सांगाडा वाकू नये म्हणून आतून आधार देऊन ठेवायचा. दोन्ही बाजू धरल्या तर माझ्याकडं तासांचा हिशोब शंभरीच्या पुढं जातो, रंग वेगळा. तुमच्या भागात तासाला काय दर आहे ते विचारा आणि गुणाकार करा. म्हणजे मी इंजिनाची चिंता का करत नाही ते कळेल.

उंबऱ्याशिवाय बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. डिकीत स्पेअर चाकाचा खड्डा, त्यावरचं कापड उचलूनच बघा. रेडिएटरखालचा आडवा पत्रा. पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे: तिथं रंगाखाली फोड दिसला तर ते वाईट, कारण काच काढावी लागते आणि खाली काय निघेल सांगता येत नाही. आणि गालिचा उचलून फरशी. विकणारा गालिचा उचलू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

हे सगळं उभ्या उभ्या होणार नाही. गाडी लिफ्टवर घ्यावीच लागेल. जवळपासच्या एखाद्या गॅरेजला अर्ध्या तासाचे पैसे देऊन लिफ्ट मिळते. विकणाऱ्याचं नेहमीचं गॅरेज सोडून दुसरं निवडा, एवढंच.

पत्रा निभावला, मग कागद आणि नंबर. एकाच सांगाड्यावर अल्फानं १३०० पासून २००० सीसीपर्यंत कितीतरी गाड्या काढल्या, आणि धाकट्या ज्युनियरला मोठं इंजिन, चार दिवे आणि २००० ची जाळी लावून थोरली करणं फार अवघड नाही. म्हणून बिल्ल्यांवर जाऊ नका. युरोपसाठी बनलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या २००० जीटीव्हीचा प्रकार-क्रमांक १०५.२१ असतो. १०५.३० दिसला तर ती १३०० ज्युनियर म्हणून जन्मलेली आहे. ११५.०१ असेल तर ती अमेरिकेसाठी बनलेली आणि परत आणलेली. अमेरिकेच्या गाडीत कार्ब्युरेटरऐवजी स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन होतं. ती चांगली यंत्रणा आहे, पण ती जाणणारे मेकॅनिक आता कमी, आणि बऱ्याच जणांनी ती काढून कार्ब्युरेटर लावलेत. इंजिनावरचा क्रमांक ००५१२ नं सुरू व्हायला हवा. सांगाड्याचा क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात मागच्या भिंतीवर ठोकलेला असतो. त्याच्या भोवतीचा पत्रा नीट बघा, जोड नाही ना. आरेझेला अल्फाच्या संग्रहालयाचं दस्तऐवज केंद्र आहे. सांगाड्याचा क्रमांक दिला की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या देशासाठी पाठवली हे ते प्रमाणपत्रावर देतात. माझी पैज आहे की लाल निघणार नाही. तशा या गाड्या कितीतरी रंगांत निघाल्या, पण विकताना सगळ्या लाल होतात.

इटलीतल्या गाडीची मालकी-परंपरा तिथल्या सार्वजनिक वाहन नोंदवहीतून मिळते. ‘एस्त्रात्तो क्रोनोलॉजिको’ म्हणून उतारा मागा. आपल्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखाच तो प्रकार: कधी कुणाच्या नावावर, कुठं. जाहिरातीत ‘दुसरा मालक’ लिहिलंय ते तिथं लगेच कळेल. गाडीला जुनी काळी नंबरपाटी आहे का तेही कळवा. पूर्वी गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की नंबर बदलायचा. म्हणजे पाटीवर अजून मूळचंच बीजी, म्हणजे बेर्गामोची अक्षरं, असेल तर ती निदान त्या काळात तरी बेर्गामो प्रांतातच राहिली असा त्याचा अर्थ, आणि मग जुना मेकॅनिक शोधणंही सोपं. एक सावधगिरी: विकणारा ‘एएसआय’ या इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेचं ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र दाखवेल. ते कर-विम्यासाठी उपयोगी असतं आणि कागद व फोटो पाहून दिलं जातं. गाडी आतून कशी आहे याची ती हमी नव्हे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं, लांबवर नेता येईल का. चांगली असेल तर बिनधास्त. ही गाडी त्यासाठीच बनली आहे आणि शहरातल्या खोळंब्यात ती उलट कुरकुरते. पण चाचणी घेताना काही गोष्टी ऐकायच्या असतात.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन गरम करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, तासभर जाऊ द्या. गार इंजिनावर बरंच काही उघड होतं. सुरू करताना निळा धूर आला आणि लगेच गेला, तर व्हॉल्व्हच्या गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतात त्या नळ्या) झिजल्या असतील. घाटात ॲक्सिलरेटर सोडून उतरताना मागं निळं दिसलं तर त्यांचीच खात्री. खर्च आहे, पण भीती नाही. तेल ओतायचं झाकण उघडून आत सायीसारखा पांढरट थर आहे का बघा. या इंजिनात हेड (वरचा भाग) आणि ब्लॉक (खालचा मुख्य भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतात त्या नळ्या, पाण्यात बसलेले, आणि हेडखाली तेलाच्या वाटांभोवती लहान रबरी रिंगा असतात. त्या कडक झाल्या की तेल आणि पाणी एकमेकांना भेटतात. फक्त थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय जमते, तेव्हा तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. पाण्याच्या टाकीत तेलाची तवंग दिसली तर मात्र हेड उतरलं समजा.

गिअरबॉक्सची परीक्षा एकाच जागी: दुसरा गिअर. गार असताना पहिल्यातून दुसऱ्यात जरा घाईनं टाका, आणि गरम झाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात परत. खर्र आवाज आला तर सिंक्रो (गिअर आवाज न करता बसवणारी कडी) गेला. या गाड्यांत तो जातोच. मालकाला माहीत असतं, म्हणून चाचणीच्या वेळी तो स्वतः चालवायला बसतो आणि फार हळुवार गिअर टाकतो. तुम्ही चालवा. गिअरबॉक्स उतरवून हे काम होतं, भाग मिळतात. बोलणी करताना ही बाजू तुमची.

ताशी सत्तर-ऐंशीला खालून थरथर आली तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा) रबरी जोड किंवा मधला बेअरिंगचा आधार बघायचा. आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाची मंद गती) वरखाली होत असेल तर कार्ब्युरेटरला दोष द्यायच्या आधी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (तिथून इंजिनात नेणाऱ्या नळ्या) यांच्यामधले रबरी जोड तपासा. ते चिरतात आणि हवा आत ओढतात. किती लोकांनी वेबर कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर उघडून साफ केलेत आणि रोग तसाच राहिलाय! माझ्याकडं एक जण तिसऱ्यांदा ट्यूनिंग करून आलेला होता. दोन स्वस्त रबरी जोडांत काम झालं. त्यानं मला पैसे दिले, पण मागच्या तिघांवर बराच वेळ तोंडसुख घेतलं.

तेलाचा दाब गरम इंजिनावर, महामार्गाच्या वेगात, साडेतीन-चार बारच्या आसपास असला की मी समाधानी. आयडलला एकाच्या जवळ आला तरी चालतं, नवखे उगाच घाबरतात. चाचणी किमान अर्धा-पाऊण तास हवी, त्यात थोडा महामार्ग आणि थोडा चढ. चौकाला वळसा घालून परत म्हणजे चाचणी नव्हे.

आणि टायर. नक्षी किती उरली हे सगळेच बघतात. तुम्ही कडेवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१० असेल तर २०१० च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नव्यासारखी आणि टायर पंधरा वर्षांचा, म्हणजे ‘दर रविवारी चालवतो’ हे वाक्य फाइलमधल्या बिलांनी म्हटलं असो की मालकानं, टायरनं खोडून काढलं. त्या टायरवर आल्प्स ओलांडू नका, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी घरी बसून फाइल, मग लिफ्टवर पत्रा, मग नंबर आणि उतारा, आणि सगळ्यात शेवटी किल्ली. बहुतेक लोक किल्लीपासून सुरू करतात. इंजिनाचा तो आवाज एकदा ऐकला की उंबरे ठोकायची इच्छा राहत नाही, म्हणून क्रम पाळा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्याकडं कोरडं, बंद गॅरेज आहे का? रस्त्यावर उभी करणार असाल तर चांगल्यातली चांगली गाडीही घेऊ नका. तासाभराच्या अंतरावर अल्फा जाणणारा मेकॅनिक आहे का? स्टुटगार्टच्या बाजूला मिळायला हरकत नाही, पण गाडी घ्यायच्या आधी त्याला भेटा. तुम्ही स्वतः व्हॉल्व्हचं अंतर मोजायला, तेल-प्लग बदलायला हात घालणार का? घालणार असाल तर वर्षाचा खर्च एकदम खाली येतो. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला तज्ज्ञ तपासणीनंतर एच अक्षराची पाटी मिळते. तिचा कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट आहे आणि शहरांतल्या प्रदूषण-बंदीतूनही सूट असते. पण तपासणारा मूळपण बघतो. आधीच्या मालकानं काळाशी न जुळणारे बदल केले असतील तर तिथं अडतं. आधुनिक चाकं, विचित्र सीट असलं काही फोटोत दिसतंय का ते तुमच्या तपासणी केंद्राला आधीच दाखवून घ्या.

किमतीचं बोलायचं तर माझा हिशोब साधा आहे. तुमच्याजवळ जेवढे पैसे आहेत त्यातला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी बघा. तो पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी लागतो: टायर, रबरं, ब्रेक, तेलं, आणि कप्प्यांत आतून मेण मारून घेणं. हे शेवटचं सगळ्यात आधी करा. पत्रा खरोखर चांगला, पण गिअर खर्र करतो, इंजिन थोडं धूर सोडतं, सीट फाटलेली, अशी गाडी मिळाली तर ती या लाल गाडीपेक्षा थोडी स्वस्त नसली तरी घ्या. एकदा माझ्या सांगण्यावरून एका शिक्षकानं अशीच एक मळकट हिरवी जीटीव्ही घेतली, मागचं मडगार्ड चेमटलेलं. सगळे हसले. आज अकरा वर्षं ती चालतेय, दरवर्षी उन्हाळ्यात इटलीला जाऊन येते. मडगार्ड अजून चेमटलेलंच आहे, आता त्याला ते सरळ करायचं नाही म्हणे.

तुमची लाल गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती त्या दोन अपवादांनंतरची तिसरी असू शकेल. तिकीट काढायच्या आधी विकणाऱ्याला एवढंच लिहा: रंगाच्या वेळचे फोटो, दोन्ही उंबऱ्यांचे खालून काढलेले फोटो, स्पेअर चाक बाहेर काढून त्या खड्ड्याचा फोटो, चारही टायरचे आकडे, आणि फाइलमधली सगळी बिलं. दोन दिवसांत आले तर जायला हरकत नाही. जाताना जुने कपडे, टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. बिलं आली की माझ्याकडंही पाठवा. इटालियन मला बोलता येत नाही, पण गॅरेजच्या बिलापुरतं वाचता येतं.